रेघ पलीकडे सरकली

विनोद पास्टरांनी पाड्यावरच्या ख्रिस्ती मंडळीला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. देवाकडे मागायचं तर नेमकं मागा. "प्रभू, आशीर्वाद दे" असं मोघम बोलून चालायचं नाही. कसला आशीर्वाद, कुणासाठी, सगळं उघड सांगा. देवाला ते ठाऊक असतंच, पण आपण काय मागतोय ते आपल्याला तरी कळायला हवं, असं ते म्हणायचे. पालघरहून दर रविवारी मोटरसायकलवर येणारा हा माणूस मनाने भला आणि बोलायला गोड. त्यांच्या या शिकवणीत कुणाला काही खोट दिसली नाही.

त्यामुळे नव्या रस्त्याची मोजणी करणारे आले आणि जमुनाच्या ओटीवरून चुन्याची रेघ ओढून गेले, तेव्हा मंडळीने नेमकं मागायचं ठरवलं.

जमुनाचं घर म्हणजे कुडाच्या भिंतींच्या दोन खोल्या. पण त्यातली एक खोली तिने गेल्याच वर्षी, नवऱ्याला टोचून टोचून, वाढवून घेतली होती. नवरा भिका बोईसरच्या एका कारखान्यात गाड्यांमध्ये माल चढवायचा आणि सुट्टीच्या दिवशी माती कालवायचा. ती खोली आता रस्त्यात जाणार होती. ती येईल त्याला रेघ दाखवायची आणि डोळे पुसायची.

शुक्रवारी उपास-प्रार्थना ठरली. सगळे विश्वासी तिच्या अंगणात जमले आणि त्यांनी रेघेच्या दिशेने हात पसरले. पुढे उभी होती बायडीकाकी. शेजारची ही म्हातारी विधवा जमुनाला आईच्या ठिकाणी. जमुनाची लहानगी स्नेहा तापाने फणफणली होती, तेव्हा तिला कडेवर घेऊन पहिल्यांदा प्रार्थनेला नेलं ते काकीनेच. तेव्हापासून जमुना मंडळीत येऊ लागली. काकीचा आवाज असा खणखणीत, की मंडळीला माइकचा खर्च कधी पडला नाही.

"प्रभू!" काकी ओरडली, "ही रेघ हिच्या घरावरनं उचल! उचल नि पलीकडं टाक!"

"हालेलुया!" सगळे म्हणाले.

पलीकडे म्हणजे कुठे, हे एकालाही सुचलं नाही. पलीकडे वालाचं एवढंसं शेत होतं आणि शेताला लागून काकीचंच घर होतं. रोजचं बघून बघून ते कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं, खुद्द काकीच्याही नाही.

पुढच्या महिन्यात मोजणीवाले परत आले. पहिल्या आखणीत पुढे विजेचा टॉवर आडवा येत होता, म्हणून त्यांनी जुनी रेघ पायाने पुसली आणि नवी ओढली. जमुनाने दारातून एवढंच पाहिलं, की आपली ओटी मोकळी झाली. ती लहान पोरीसारखी नाचली. पास्टरांना फोन लावून ओरडली, "पास्टर, सरकली! रेघ सरकली!"

"प्रभूची स्तुती असो!" पास्टरही हरखले. "येत्या रविवारी उभी राहून साक्ष दे, बहीण. देवानं काय केलं ते सगळ्यांना कळू दे."

साक्ष द्यायची तर उपकाराचं जेवणही हवं. जमुनाने तिथल्या तिथे कोंबडी-भाताचा बेत ठरवला. एवढ्या माणसांचा भात शिजवायला मोठा टोप लागणार, आणि मोठा टोप सगळ्या पाड्यात फक्त बायडीकाकीकडे. जमुना वालाच्या शेतातून पळतच निघाली. गोड बातमीही सांगून होईल, टोपही आणून होईल.

काकीच्या अंगणात पाय ठेवला आणि ती थांबली. पांढरी रेघ काकीच्या दारातून आत शिरली होती, मागच्या पडवीतून बाहेर पडली होती आणि परसातल्या दगडांच्या चौकटीवरून सरळ पुढे गेली होती. त्या चौकटीत सुकाकाका होते, काकीचे मालक. ते वारले तेव्हा पाड्याच्या मसणात ख्रिस्ती माणसाला पुरायला गाववाल्यांनी कुरकूर केली होती. तेव्हा काकीने वाद घातला नाही. घराच्या पाठीमागे आपल्याच जमिनीत नवऱ्याला ठेवलं आणि रोज सकाळी तिथे झाडू मारत राहिली.

काकी उंबऱ्यावर बसली होती. तिने जमुनाकडे पाहिलं आणि म्हणाली, "टोप माळ्यावर हाय. घेऊन जा."

 टोप न घेताच जमुना माघारी आली.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात नुसता गुंता झाला. रेघ देवाने हलवली म्हणावं, तर काकीच्या घरावर नेऊन टाकलीही देवानेच. टॉवरमुळे हलली म्हणावं, तर मग देवाने काय केलं? अंगणात एवढी माणसं उपाशी पोटी ओरडली ती कशासाठी? आणि काकीने स्वतःच्या तोंडाने मागितलं ते देवाने दिलं, असं म्हणावं तर असा कसा देव, म्हाताऱ्या बाईची जीभ धरून बसणारा? जमुनाला त्याची भीती वाटली. मग भीती वाटली याची लाज वाटली. सगळ्यात वाईट म्हणजे चूल पेटवताना तिला अजूनही बरं वाटायचं. आपली खोली राहिली, या विचाराने छाती हलकी व्हायची, आणि लगेच काकीचा उंबरा आठवून तोंड कडू व्हायचं.

"टॉवरनं वाचवलं तुजं घर," भिका म्हणाला. तो मंडळीत यायचा तो जेवणाच्या रविवारी. "त्या टॉवरला हार घाल."

"गप बसा तुमी."

पण भिका तोंडाने फटकळ असला तरी काळजाने तसा नव्हता. एक दिवस कामावर खाडा करून तो काकीला कोळगावच्या जिल्हा कचेरीत घेऊन गेला. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, नकाशा उलगडून दाखवला, आणि आता आखणी बदलायची नाही, भरपाई मात्र मिळेल, असं समजावून सांगितलं. काकीने त्याला एकच विचारलं, "परसात पुरलेल्या माणसाला भरपाई कशी देता?" त्याला वाटलं, म्हातारी चिडली. काकी चिडली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.

जमुनाने पास्टरांना फोन केला. झालेलं सगळं सांगितलं आणि विचारलं, "मंग मी रविवारी काय बोलू?"

"देवाची योजना चांगलीच असते, बहीण," पास्टर म्हणाले.

"कुणासाठी?"

पलीकडे पास्टरांनी मोटरसायकलला किक मारली. मग ते म्हणाले, "रविवारी बघू."

रविवार उजाडला. सगळे जमुनाच्या अंगणात आले. जमुना मनात धरून बसली होती, की काकी यायची नाही, आणि ती आली नाही तर थोडक्यात उरकता येईल. पण काकी आली. स्वच्छ लुगडं नेसून, नेहमीच्या जागी, अगदी पुढे बसली. तिने टोपही डोक्यावरून आणला होता.

पास्टरांनी जमुनाला उभं केलं. ती उभी राहिली. तिच्या पदराचा पार चोळामोळा झाला.  शेवटी ती म्हणाली, "मला कळत नाय काय सांगू."

"सांग ना," पुढून काकीचा आवाज आला. "तुजं घर राहिलं कं नाय?"

"राहिलं."

"मंग त्याचं आभार मान. माजं मी त्याला इचारीन."

जमुनाने आभार मानले. घर राहिलं, पोरीला छप्पर राहिलं, देवाचे आभार, एवढंच. हालेलुया म्हणावं की नाही, हे न कळून लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग पास्टर म्हणाले, आता सगळे मिळून बायडीकाकीच्या घरासाठी प्रार्थना करू. सगळ्यांनी वालाच्या शेतापलीकडे हात पसरले. पास्टरांनी डोळे मिटले, "प्रभू, ही रेघ..." म्हणाले आणि अडखळले. काकीच्या घरापलीकडे अंगणवाडी होती आणि अलीकडे जमुना. नेमकं मागा म्हणणाऱ्या माणसाला नेमकं मागायला जागाच उरली नाही. त्यांनी डोळे उघडले, कपाळ पुसलं आणि हळूच म्हणाले, "प्रभू, तूच बघ."  जमुनाला पहिल्यांदाच पास्टरांची कीव आली आणि ते जवळचेही वाटले.

जेवणं झाली. काकी कधी उठून गेली ते कुणी पाहिलं नाही. तिचं पान तसंच होतं. जमुनाने भात आणि रस्सा झाकून घेतला आणि निघाली.

घरात काकी नव्हती. परसातून तिचा आवाज येत होता. सुकाकाकांच्या दगडांपाशी ती उन्हात बसली होती आणि देवाला झापत होती, न लाजता, बाजारातून उशिरा परतलेल्या नवऱ्याला झापावं तशी.

"तू चांगला हायस म्हणून मी पाड्यावर सांगत फिरली. लोकांच्या शिव्या खाल्ल्या. तू चांगला हायस तर हा कुठं जाईल, सांग ना! मला एकटीला खणता येईल कं त्याला? मला समजत नाय. आनि तुला सोडून दुसऱ्या कुणाला इचारू, असा बी माणूस नाय माज्याकडं. मंग तूच सांग!"

जमुना भिंतीला टेकून उभी राहिली.  काकीने मान वळवली.

"जेवन ठेव तिकडं. माजं झालं नाय अजून." मग थोडं सरकून तिने जमीन थोपटली. "ये, बस. तुला बी काय तरी इचारायचं असंल."

जमुना बसली. तिने हात जोडले. एवढ्या दिवसांत तिने जेवायच्या आधी, झोपायच्या आधी पुष्कळ प्रार्थना म्हटल्या होत्या, पण मनातलं एकदाही बोलली नव्हती. आता हुंदका आला आणि त्याच्याबरोबर तेही बाहेर आलं.

"माजंच का वाचवलंस?"

वर ऊन होतं, शेतात वालाच्या शेंगा वाळल्या होत्या. काकीने जमुनाचा हात आपल्या खरखरीत हातात घेतला आणि पाड्याच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "आमेन."