'पण' म्हणाल तर खाली बसाल

आमच्या गावच्या साहित्य व वादसभेचा इतिहास एका शब्दाचा आहे. सभा स्थापन केली पोस्टमास्तरांनी. पहिल्याच बैठकीत विषय होता 'दाराला कडी बरी की कुलूप?' जो तो उठून म्हणे, "तुमचं खरं आहे, पण..." आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर. कडीही लागेना, कुलूपही लागेना. शेवटी पोस्टमास्तर कडाडले, "हा 'पण'च सगळ्या भांडणांचा बाप आहे!" नियम झाला : सभेत जो 'पण' म्हणेल त्याने तिथेच खाली बसायचं आणि त्याची बाजू हरली. 'पण' ऐकला की वाजवायला एक घंटा गावच्या घड्याळजींच्या हाती दिली.

घड्याळजींना ऐकू जरा कमी. त्यामुळे शब्दात कुठेही 'पण' आला की ते टण्ण करून मोकळे. 'शहाणपण' म्हणणारा बसला, 'मोठेपण' म्हणणारा बसला. 'आपण'सुद्धा गेलं! राहिले नुसते मी आणि तू. देवाने माणसाला एवढी गोड जीभ दिली, तिच्यातलं 'आपण' काढून घेतल्यावर मागे काय उरणार? खणाखणी.

मग सभासदांनी पळवाट काढली. 'पण'च्या जागी खोकायचं. "तुमचा मुद्दा मान्य, खुक् खुक्, कुलूप गंजतं." नवीन आलेल्या कंपाउंडरने हे पाहिलं आणि पुढच्या बैठकीला बिचारा औषधाची मोठी बाटली आणि चमचा घेऊन आला. सगळे भिडेखातर एकेक चमचा प्यायले. त्या दिवशी पेंगत पेंगत का होईना, सभा पहिल्यांदा वेळेवर संपली.

पोस्टमास्तर गेल्यावर सभा माझ्या मामांनी सांभाळली. मामा शिंपी. दुकान खाली, सभा वरच्या खोलीत. शाळेने सभेला काढलं होतं, वाचनालयाने हात जोडले होते; या खोलीखेरीज सभेला थारा नव्हता. आणि तीच खोली मामीला शिवणवर्गासाठी हवी होती.

"बायका कधीच्या मागे लागल्यात," मामी म्हणाली. "तुमची सभा म्हणजे रिकामी वाफ. भात शिजत नाही, झाकण मात्र उडतं."

मामांना हे झोंबलं. कात्री आपटून म्हणाले, "मग ये की सभेत! मांड ठराव! जिंकलीस तर खोली तुझी."

मामांनी पण लावला. घड्याळजी तिथे नव्हते म्हणून बरं.

सभेच्या दिवशी खोली खचाखच भरली. मामी पदर खोचून उभी राहिली.

"तुम्ही वर पाय आपटता, धूळ खाली माझ्या काजांवर पडते. 'घरात बाईला मान असावा का?' यावर तुम्ही दोन बैठका घातल्यात. चहा दोन्ही वेळा मीच चढवला. कोण जिंकलं ते मला कुणी सांगितलं नाही. कप तेवढे खाली आले."

विरोध करायला एकेक जण उठला, खोकला आणि बसला. खोकल्याच्या पुढे बोलायला मुद्दाच नव्हता. कंपाउंडरने सवयीने खिसे चाचपले.

शेवटी मामा उठले. "खोली तिची आहे. कष्टही तिचे आहेत..." एवढं बोलून थांबले. 'पण' ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला. खोकलेही नाहीत. डोळे पुसत खाली बसले. आयुष्यभर टाके घातलेला माणूस, त्या दिवशी त्याची शिवणच उसवली.

मामीने ते पाहिलं. आता ठरावाचं शेवटचं वाक्य तेवढं राहिलं होतं. "म्हणून माझं म्हणणं, ही सभा बंद करावी. पण..."

टण्ण!

"बसा वहिनी," घड्याळजी म्हणाले. "हरलात."

टाळ्या पडल्या. सभा वाचली! मामा मात्र टाळ्या वाजवेनात. ते मामीपाशी गेले.

"अगं, 'पण' काय?"

"नियम आहे ना तुमचा. बसले मी."

"सांग की!"

"हरलेल्या माणसाने बोलू नये."

मामा घड्याळजींकडे वळले, घंटा हिसकावून घेतली आणि ओरडले, "नियम रद्द! कुणाचा विरोध?" कुणी खोकलंसुद्धा नाही. सभेच्या इतिहासातला हा पहिला एकमताचा ठराव. सगळ्यांनाच त्या 'पण'च्या पलीकडचं ऐकायचं होतं.

मामी सावकाश उठली. "पण गुरुवारी संध्याकाळी वर्ग नसतो, एवढंच म्हणणार होते. त्या वेळी सभा भरवा. बोलायला मीही येणार. आणि त्या दिवशी चहा तुम्ही करायचा."

मी मनात देवाला हात जोडले. सगळं सांगून झाल्यावर जो 'पण' येतो ना, दया बहुधा त्याच्याच मागे उभी असते. आम्ही मेले तिला इतकी वर्षं घंटा वाजवून खाली बसवत होतो.

आता गुरुवारी मामी वर तावातावाने बोलते आणि मामा खाली आधण ठेवून छताला कान लावतात. परवा त्यांना राहवेना. जिन्यावरून ओरडले, "अहो मंडळी, आपण किती जण?"

नियम रद्द झाल्यापासून घंटा कपाटात होती. घड्याळजींनी सवयीने चमचा उचलला आणि पेल्यावर हाणला.

टण्ण!

मामा मुकाट्याने पायरीवर खाली बसले. चहा उतू गेला.