उजेडाचं निमित्त

"अप्पा, जरा खिडकीशी सरकून बसता का? इथे उजेड कमी पडतोय."

कॅमेऱ्यावरचा डोळा न काढताच कल्याणी म्हणाली. उजेड कमी पडत नव्हता. वैशाखातली दुपार होती, पडदे सरकवलेले होते आणि अप्पांच्या हातातल्या पुस्तकाची ओळ न्‌ ओळ तिला कॅमेऱ्यातून वाचता येत होती.

सुखदेवअप्पांनी मान वर केली. आधी सुनेकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याचं तोंड जिकडे होतं तिकडे, म्हणजे स्वतःच्या डोक्यावरच्या भिंतीकडे. तिथे बाबासाहेबांची तसबीर होती. अप्पांनी पानात बोट घालून पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या हाताने खुर्ची उचलली.

"आजोबा, पण आपण तर इथेच वाचतो ना रोज?" आठ वर्षांच्या हिराने विचारलं.

"फोटोला उजेड लागतो, बाळा. तुझ्या आईला त्यातलं कळतं."

खिडकीशी बसवून कल्याणीने सात-आठ फोटो काढले. त्यातला एक खरंच सुरेख आला. पुस्तकावर पडलेला उन्हाचा पट्टा, अप्पांचा नाकावर घसरलेला चष्मा, त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून पुस्तकात डोकावणारी हिरा आणि मागे कोरी पांढरी भिंत. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर त्याला त्रेचाळीस बदाम मिळाले. बदाम मोजणाऱ्यांतली कल्याणी नव्हती, पण हे तिने मोजले.

यंदा सुट्टीत कुठेच जायचं नाही असं ठरलं होतं. प्रज्ञेशला हिंजवडीच्या कंपनीतून रजा मिळेना. वाघोलीतून तो सकाळी सातला निघायचा तो रात्री जेवायलाच उगवायचा. कल्याणीच्या शाळेला मात्र जूनपर्यंत सुट्टी होती. तिने प्रज्ञेशचा जुना कॅमेरा कपाटातून काढला, पुसला, आणि तीन वर्षं ज्या घरात राहत होती ते घर पहिल्यांदाच नीट पाहिलं. गच्चीवर वाळणाऱ्या कुरडया, पन्ह्याच्या पेल्यावर जमलेलं दव, गार फरशीवर पालथी पडून चित्रं काढणारी हिरा. त्यातच सोसायटीतल्या नम्रताताईंनी टूम काढली: 'घरातला उन्हाळा', रोज एक फोटो, आणि महिन्याअखेरीला पहिला नंबर. नम्रताताई पुण्याच्याच, त्यामुळे बक्षीस काय हे आधी सांगितलेलं नव्हतं.

कल्याणीला सगळ्यात आवडायची ती दुपारी तीन ते पाचची वेळ. अप्पा स्वारगेटच्या एसटी वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर इंजिनांची घरघर ऐकलेला हा माणूस रहस्यकथा इतक्या झोकात वाचायचा की ऐकत राहावं. एक पान त्यांनी वाचायचं, एक हिराने. चोराचं बोलणं आलं की अप्पा घसा खरवडून आवाज काढायचे आणि हिरा पाय पोटाशी घ्यायची.

पण वाचायला बसायचं ते तसबिरीखालीच. हा अप्पांच्या वडिलांनी घालून दिलेला शिरस्ता. त्या म्हाताऱ्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पोराला तो तसबिरीपुढं बसवायचा आणि म्हणायचा, "ज्याच्यामुळं वाचाय मिळालं, त्याच्या देखत वाच." अप्पांनी प्रज्ञेशला तिथेच बसवून दहावीपर्यंत नेलं आणि आता हिराला बसवत होते. घरं बदलली, भिंती बदलल्या, बसायची जागा तीच राहिली.

कल्याणीला तसबिरीची लाज वाटते असं कुणी म्हटलं असतं तर ती भांडायला उठली असती. तिला लाज वाटत नव्हती, भीती वाटत होती. याआधीच्या भाड्याच्या घरात मालकीणबाई एकदा नळ बघायला आत आल्या, भिंतीकडे बघून क्षणभर थबकल्या, चहा नको म्हणाल्या, आणि पंधरा दिवसांत त्यांच्या कुठल्याशा भाच्याला तीच जागा हवी झाली. हा फ्लॅट स्वतःचा होता. इथून कुणी काढू शकत नव्हतं. पण गेल्या महिन्यात, चौदा एप्रिलला, मिरवणुकीने रस्ता अडला तेव्हा नम्रताताईंनी ग्रुपवर लिहिलं होतं, "या लोकांना वर्षातून एकदा रस्ता आंदणच दिलेला असतो." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या रांगेत एक हसरा चेहरा कल्याणीनेही लावला.

आडनाव गावावरून पडलेलं, बोलणं शुद्ध, त्यामुळे 'या लोकां'तली एक आपल्याच मजल्यावर राहते हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. शेजार होता तोही पुणेरी. साखर दारातून, गप्पा दारातून. दहा मिनिटांनी कल्याणीने तो चेहरा काढून टाकला. पण लावला होता, हे कुठून काढून टाकणार?

रात्री प्रज्ञेशने फोटो पाहिला.

"मस्तच गं. अप्पा काय दिसतायत!" मग जरा थांबून म्हणाला, "तसबिरीखाली नाही काढलास?"

"उजेड नव्हता."

"हं," प्रज्ञेश म्हणाला आणि उद्याची पाण्याची बाटली भरायला उठला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता कल्याणी कॅमेरा घेऊन आली तर खुर्ची आधीच खिडकीशी होती. तिसऱ्या दिवशीही. तिने काही सांगितलं नव्हतं, अप्पांनी काही विचारलं नव्हतं. खिडकीशी ऊन लागायचं. अप्पा मानेवर ओला पंचा घेऊन वाचायचे, पण जागा बदलायचे नाहीत. पाचव्या दिवशी ती स्वयंपाकघरातून बघत होती. अप्पा पुस्तक घेऊन आले, तसबिरीपुढे उभे राहिले, हात जोडले, आणि कुणाची तरी रजा घ्यावी तसे मान खाली घालून खिडकीकडे गेले. कल्याणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातली पळी तशीच धरून ती उभी राहिली आणि आमटी उतू गेली.

"अप्पा, आज तिथेच बसा. रोजच्या जागी," ती बाहेर येऊन म्हणाली.

"आज आहे उजेड तिथं?"

विचारणं साधं होतं. अप्पांना टोमणे मारायची सवय नव्हती, हेच तर वाईट होतं.

"आहे," कल्याणी म्हणाली.

त्या दिवशीचा फोटो सगळ्यात चांगला आला. अप्पा मोकळे बसले होते, हिराने वाचता वाचता दोन्ही पाय खुर्चीवर घेतले होते, आणि वर तसबीर, काचेवर खिडकीची बारीकशी तिरीप. कल्याणीने तो फोनवर घेतला, ग्रुप उघडला, फोटो निवडला. मग खाली एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. शेवटी तिने पन्ह्याच्या पेल्याचा फोटो पाठवला.

महिन्याअखेरीला निकाल आला. खिडकीतल्या अप्पांचा पहिला नंबर. नम्रताताईंचा फोन आला.

"अहो, आम्ही शुक्रवारी पाच वाजता येतो तुमच्याकडे. मी आणि आपले चेअरमन रावसाहेब. प्रमाणपत्र काकांच्याच हातात द्यायचं. आणि त्याच जागी बसवून एक फोटो घेऊ. काय सुंदर भिंत आहे हो तुमची! नाहीतर लोकांच्या घरात बघा, नुसता भिंतीवर बाजार मांडलेला असतो."

चोराच्या मनात चांदणं. कल्याणीला वाटलं, बाईंना सगळं कळलंय आणि त्या मुद्दाम म्हणतायत. मग वाटलं, काहीच कळलेलं नाही. यातलं जास्त वाईट काय, हे तिला ठरवता येईना.

"अप्पा, शुक्रवारी पाहुणे येणारेत. बक्षीस द्यायला."

"दारात देतील का आत येतील?"

"आत येतील."

अप्पांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं.

शुक्रवारी चार वाजता कल्याणी खाली जाऊन आंबा बर्फी आणि वेफर घेऊन आली. चपला काढता काढता तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. खिळा होता. खिळ्याखाली रंग न उडालेला एक मोठा चौकोन होता. तसबीर नव्हती. अप्पा धुतलेला सदरा घालून खिडकीशी बसले होते. हिरा बाजूला बसून त्यांच्या सदऱ्याची बटणं नीट लागलीत का बघत होती.

"आत ठेवलीय," अप्पा म्हणाले. "माझ्या अंथरुणावर, धुतलेल्या चादरीत गुंडाळून. काचेला काय होणार नाही."

"अप्पा, मी असं कुठं म्हटलं..."

"तू नाही म्हणालीस. मीच काढली. हिरानं स्टूल धरलं."

साडेचार झाले होते. अर्ध्या तासात तसबीर परत लावता आली असती. स्टूल अजून भिंतीपाशीच होतं. कल्याणीने ते उचललं, दोन पावलं आत गेली, आणि मग ते स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात ठेवून पन्ह्याचे पेले विसळायला घेतले. धुतलेलेच पेले तिने दोनदा विसळले. स्वतःची इतकी शरम तिला आजवर कधी वाटली नव्हती, आणि शरम वाटूनही हात पेलेच विसळत होते.

बरोबर पाचला बेल वाजली. नम्रताताई पैठणीच्या काठाचा कुर्ता घालून आल्या होत्या. रावसाहेबांच्या हातात प्रमाणपत्राची सुरळी होती. दोघांनी घराचं कौतुक केलं, आंबा बर्फीचं केलं, हिराचं केलं. रावसाहेबांनी अप्पांना वाकून नमस्कार केला.

"काका, या वयात इतकं वाचता! आमच्याकडे बघा, पेपरसुद्धा फोनवर."

"वाचायची सवय लावली वडिलांनी," अप्पा म्हणाले.

"शिकलेले होते?"

"नाही. म्हणून तर लावली."

"वा!" रावसाहेब म्हणाले आणि टेकायला म्हणून मागे वळले. त्यांची नजर त्या चौकोनावर गेली. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस, भिंतीवरचं काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. "इथं काय होतं हो? रंग बघा कसा वेगळा पडलाय."

कल्याणी पेल्यांचा ट्रे घेऊन उभी होती. सांगावं, आत्ता सांगावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. चार शब्दांचं तर काम होतं. तिने अप्पांकडे पाहिलं. अप्पा तिच्याकडेच बघत होते, आणि त्या बघण्यात राग नव्हता, काळजी होती, सुनेची.

"घड्याळ होतं," अप्पा म्हणाले. "दुरुस्तीला टाकलंय."

चाळीस वर्षांच्या नोकरीत एक बोल्ट खिशात न घातलेला हा माणूस. कल्याणीने त्यांना खोटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांना ते नीट जमलंही नाही, शेवटच्या शब्दाला आवाज बसला.

"एवढं मोठं घड्याळ?" नम्रताताई हसल्या.

हिराने मान वर केली. आजोबांकडे पाहिलं, मग आईकडे. ही पोरगी पोटात काही ठेवणारी नव्हती. आता ही बोलणार, कल्याणीच्या मनात आलं, आणि तिला आश्चर्य वाटलं की आपल्याला हायसं वाटतंय. बोल गं बाई. तू तरी बोल.

"चौकोनी होतं," हिरा म्हणाली. "बंद पडलेलं. बाबांनी सेल बदलून बघितले, तरी नाही चाललं."

"हल्लीच्या वस्तूच तशा," रावसाहेब म्हणाले आणि खुर्चीत टेकले.

कल्याणी ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेली. पेले अजून भरलेलेच होते, ते द्यायचेच राहिले होते. बाहेर नम्रताताई अप्पांना खिडकीशी नीट बसवत होत्या, काका थोडे इकडे, हां, अस्सं, असं म्हणत होत्या. हिरा मागोमाग आत आली. तिने आईचा पदर ओढला आणि बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं,

"आई, बरोबर सांगितलं ना मी?"

कल्याणीने ओट्याला धरलं. हिराचा चेहरा वर होता, खुललेला, आणि ती शाबासकीची वाट बघत होती.