शरदिनीचा पूर्वपक्ष

दूर उत्तरेत, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत राहणाऱ्या मराठी माणसांना एरवी वाद घालायला कारण लागत नाही, पण गणपतीत तो रीतसर होतो. एक विषय, दोन वक्ते, आणि नियम जुन्या शास्त्रार्थाचा. आधी समोरच्याचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, आपल्या तोंडाने मांडायचं. 'हो, हेच माझं म्हणणं' असं त्याने कबूल केल्याशिवाय खंडनाला हात लावायचा नाही.

शहाण्णव-सत्त्याण्णवचं ते साल असेल. कुठल्याशा गावात दोन मुलींनी देवळात एकमेकींना हार घातले आणि लग्न नोंदवायला गेल्या, तर कचेरीने हाकलून दिलं. हिंदी पेपरात फोटोसकट बातमी आली आणि गल्लीभर चहाबरोबर तीच चघळली जाऊ लागली. असल्या लग्नाला कायद्याने मान्यता द्यावी का, हाच मग विषय ठरला. बाजूने बोलायला कोणी मिळेना, तेव्हा वकिली शिकणाऱ्या यज्ञेशला हरभऱ्याच्या झाडावर चढवून उभं केलं. विरोधात बोलायला शरदिनी, यात विचारायचं काय होतं? मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवणारी बाई, आणि वाणी अशी की भलेभले गप्प बसावेत.

ही सभा चालवणाऱ्या ढुंढिराजशास्त्र्यांच्या घरी वरच्या दोन खोल्यांत शरदिनी आणि बँकेतली मुक्ता भाड्याने राहत. मैत्रिणी आहेत, असं सगळे म्हणत, त्या दोघीही तेच म्हणत. पण तो चांगला मुरलेला संसार होता, आणि हे फक्त त्या दोघींना ठाऊक होतं. बातमी आल्यापासून शरदिनीच्या जिवाला स्वस्थता नव्हती. शास्त्रीबुवांनी विचारलं तेव्हा ती नाही म्हणणार होती, पण का नाही, याचं उत्तर काय देणार? ज्यांना आजवर संशय आला नव्हता त्यांनाही आला असता. खोल्या गेल्या असत्या, नोकरीही गेली असती.

"बोलून टाक ना एकदाचं," मुक्ता कणीक मळता मळता म्हणाली. "नुसते शब्द तर आहेत."

"तू समोर बसणार आहेस."

"मी तुझ्याकडे बघणारच नाही. उद्या परवलची भाजी रस्सेदार करावी की सूखी, याचा विचार करत बसेन."

शरदिनीला हसू आलं नाही. खोलीत येरझाऱ्या घालत तिने खंडन पाठ केलं, आणि पाठ झाल्यावरही येरझाऱ्या थांबल्या नाहीत.

सभेच्या संध्याकाळी शास्त्र्यांचं अंगण भरलं आणि नेहमीप्रमाणे बत्ती गुल झाली. पेट्रोमॅक्सच्या उजेडात शरदिनी ओट्यावर उभी राहिली. पूर्वपक्ष दोन वाक्यांत उरकायचा आणि खंडनाला लागायचं, एवढाच तिचा बेत होता.

"पूर्वपक्ष असा," ती म्हणाली, "की त्या दोघींचं एकमेकींवर मन आहे, आणि मन आहे तिथे लग्नाला आडकाठी नको."

"यह तो अधूरा है, ताई," यज्ञेश म्हणाला. "मन तर घरातही राहतं. त्यांना सरकारी कागद कशाला हवा, ते सांगा."

मेल्याला आजच नियम आठवावा! शास्त्रीबुवांनीही मान डोलावली. "त्याचं बरोबर आहे. पुरा मांड, शरदिनी."

समाजात मान मिळावा म्हणून, असं ती म्हणाली. मान कागदाने मिळत नाही, असं म्हणून यज्ञेशने तेही परत केलं. पोरं फिदीफिदी हसली. शरदिनीच्या अंगाची लाही लाही झाली, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं एकदम बाहेर पडलं.

"कागद अशासाठी हवा," ती म्हणाली, "की एक आजारी पडते. दुसरी तिला रिक्षात घालून इस्पितळात नेते. तिथे विचारतात, आप इनकी कौन लगती हैं? ती म्हणते, बहीण. त्यांना खोटं कळतं. ऑपरेशनच्या कागदावर तिची सही चालत नाही. पुण्याहून भाऊ येऊ दे, म्हणतात. जो भाऊ दिवाळीलाही पत्र टाकत नाही, त्याची चालते. जिने तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या, ती बाहेर बाकावर बसून राहते. आतली गेलीच, तर हिने रडायचंसुद्धा बेताने, मैत्रिणीने रडावं तेवढंच. कागद त्यासाठी हवा."

हसणं कधीच थांबलं होतं. मुक्ताचं गेल्या थंडीतलं ऑपरेशन गल्लीला ठाऊक होतं, पुण्याहून आलेला भाऊही सगळ्यांनी पाहिला होता. एकेक मान बायकांच्या सतरंजीकडे वळू लागली.

"हो," यज्ञेश हळूच म्हणाला. "हेच माझं म्हणणं."

शास्त्रीबुवा खाकरले. "पूर्वपक्ष असाच मांडावा. समोरच्याचा असला तरी आपलाच वाटावा. आता खंडन कर बघू, लवकर." ते तिला वाट करून देत होते, हे शरदिनीला कळलं. खंडन केलं की मघाचं सगळं समोरच्याच्या नावावर जाणार होतं, आणि उद्या खोल्या, शाळा, सगळं जागच्या जागी राहणार होतं. पहिलं वाक्य ओठांवरही आलं. तेवढ्यात मुक्ताने मान वर केली. कर खंडन, टाक बोलून, असं तिचे डोळे विनवत होते. शरदिनीला तिचा भयंकर राग आला, आणि तिच्यासाठी इतकं भरून आलं की ते वाक्य तिने गिळून टाकलं.

"याचं खंडन माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "हे माझंच म्हणणं आहे."

मुक्ताच्या शेजारी शास्त्रीबुवांच्या पत्नी लतिकाकाकू बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि हातभर लांब सरकून बसल्या. मग पलीकडचीही सरकली. मुक्ता गुडघ्यांभोवती हात आवळून सतरंजीच्या मधोमध एकटी राहिली.

शरदिनी ओट्यावरून उतरली, सगळ्यांच्या देखत बायकांमधून वाट काढत गेली, आणि लतिकाकाकूंनी सोडलेल्या जागेवर मुक्ताला खेटून बसली.