मला चेपलं ते हवेनं

मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. पाच लिटर करडईचं तेल मावेल एवढा. मित्रांनो, आज मला पाहिलंत तर मी कधी काळी चौकोनी होतो हे तुम्हाला पटणार नाही. माझ्या चारी बाजू आत गेल्या आहेत, कंबर वाकडी झाली आहे. अंगावरून ट्रक गेला असेल असंच वाटेल. पण मला कोणी आपटलं नाही की तुडवलं नाही. मग हे कसं झालं, आणि त्यापायी एका बाईवर काय वेळ आली, ते ऐका.

एका कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, सांधून मला घडवलं. डोक्यावर छोटं तोंड ठेवलं आणि त्यावर फिरकीचं झाकण बसवलं. पोटावर करडईचं पिवळंधमक फूल छापलं. तेल भरून मी उमरग्याच्या बाजारात आलो, आणि तिथून महानंदाबाईंनी मला गावी नेलं. त्यांचे यजमान ट्रक चालवत, पंधरा-पंधरा दिवस बाहेर असत. घरात महानंदाबाई, त्यांचे सासरे बब्रुवान आणि सातवीतली राजेश्वरी. महानंदाबाई मला रोज पुसून ठेवत. तेल संपल्यावर त्यांनी सोड्याच्या गरम पाण्यानं मला विसळलं, उन्हात वाळवलं. आता यात तीळ ठेवायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. मला फार बरं वाटलं होतं.

राजेश्वरीला प्रयोगांचं वेड. लिंबाच्या रसानं कागदावर लिहायचं आणि कागद शेकून अक्षरं उमटवायची. हळद लावलेला कागद साबणाच्या पाण्यात बुडवून लाल करायचा. पाण्यानं भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला पालथा धरायचा. पुठ्ठा पडला नाही, तेव्हा ती आजोबांना म्हणाली की हवेनं तो खालून दाबून धरलाय. बब्रुवान हसले.

"हवा दाबती म्हणं. मग म्या एवढ्या हवंत रोज हिंडतो, मला का दाबत न्हाय?"

ते बोलणं तिच्या मनाला लागलं. आजोबांचं तोंड उघडंच राहील असं काहीतरी दाखवायचं तिनं ठरवलं, आणि त्यासाठी मला निवडलं.

एका सकाळी आजोबा रानात गेले होते, आई मागच्या गोठ्यात होती. राजेश्वरीनं माझ्यात दोन पेले पाणी ओतलं आणि झाकण न लावता मला गॅसवर ठेवलं. थोड्या वेळानं माझ्या तोंडातून वाफेचा लोट निघाला. तिनं गॅस बंद केला, फडक्यानं धरून मला अंगणातल्या दगडावर ठेवलं आणि मग झाकण घट्ट पिरगाळलं. समोर उकिडवी बसून ती माझ्याकडे बघत राहिली. एवढ्यात रस्त्यावर शाळेची गाडी वाजली. आता काही होत नाही, असं समजून ती दप्तर घेऊन पळाली.

तेवढ्यात नागम्मा आल्या. त्या शेजारच्याच. कर्नाटकातून लग्न होऊन या गावात आल्या त्याला तीस वर्षं झाली होती. नवरा गेल्यापासून कडक भाकरी करून विकायच्या. डोक्यावर पाण्याची भरलेली घागर तशीच ठेवून त्यांनी गोठ्यातून शेण घेऊन अंगणात आलेल्या महानंदाबाईंना विचारलं, "तुमचा डबा रिकामा दिसतो. मला देता का? पीठ ठेवायला पायजे."

महानंदाबाई म्हणाल्या, "न्हाय हो, मलाच लागतो."

नागम्मा बरं म्हणाल्या आणि वळल्या. वळताना घागर हिंदकळली आणि गार पाणी माझ्या अंगावर सांडलं. त्या दहा पावलं गेल्या असतील नसतील, माझ्या पोटात कसलीशी ओढ बसली. सगळीकडून कोणीतरी दाबत होतं आणि दाबणारा दिसत नव्हता. ठण्ण असा आवाज झाला. मग कडकड करत मी आत आत गेलो. मित्रांनो, तो धक्का मी अजून विसरलेलो नाही.

महानंदाबाईंच्या हातातलं शेण खाली पडलं. त्यांनी मला जागच्या जागी चेपताना डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि माझ्याजवळ कोणी नव्हतं. आवाज ऐकून पलीकडच्या घरातले चुलतदीर रणधीर धावत आले. काय झालं, कोण आलं होतं, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. नागम्मानं डबा मागितला, आपण नाही म्हटलं, ती वळली आणि हे झालं, एवढं महानंदाबाईंनी सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. रणधीर माझ्याकडे बघून म्हणाले, "ही भानामती हाय."

संध्याकाळपर्यंत तो शब्द गावभर झाला. राजेश्वरी घरी आली तेव्हा आधी मला पाहून तिचे डोळे चमकले. प्रयोग जमला होता. ती आईला हाक मारणार, तोच रणधीरकाकांचं बोलणं तिच्या कानावर पडलं आणि ती दारातच थिजली. एकटीनं गॅस पेटवला हे सांगावं तर आई रागावणार. आज नको, उद्या सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तिनं तेच म्हटलं.

तोवर नागम्मांची भाकरीची दुरडी भरलेली गेली आणि भरलेलीच परत आली. नळावर बायका त्यांना पाहून घागरी घेऊन बाजूला झाल्या. महानंदाबाईंनीही दार लोटून घेतलं. तिसऱ्या दिवशी राजेश्वरी पाण्याला गेली, तर नागम्मा नळावर एकट्याच होत्या. त्या स्वतःच दोन पावलं मागं सरल्या.

"तू भर आधी, पोरी," त्या म्हणाल्या. "माझी सावली पडंल तुझ्यावर."

राजेश्वरीच्या हातून कळशी सुटली. पाणी न भरताच ती घरी पळत आली.

त्याच संध्याकाळी रणधीरनी मारुतीच्या पारावर माणसं जमवली होती. मलाही पुरावा म्हणून मधोमध ठेवलं होतं. नागम्मांना त्यांच्या माहेरी धाडावं, असं बोलणं चाललं होतं. नागम्मा कडेला डोकं खाली घालून उभ्या होत्या. तेवढ्यात राजेश्वरी पुढं आली.

"डबा म्या चेपला," ती म्हणाली.

तिनं रडत रडत सगळं सांगितलं. काहींना ते पटलं नाही. पोरगी बाईला वाचवायला बोलतीय, असं रणधीर म्हणाले. बब्रुवान मात्र उठले. इतका वेळ तेही नागम्मांच्या विरुद्धच बसले होते. ते नातीला एवढंच म्हणाले, "करून दाव."

रणधीरच्याच घरून माझ्यासारखा रिकामा डबा आणला. तीन दगडांची चूल मांडली. राजेश्वरी एकेक सांगत होती आणि आजोबा करत होते. पाणी उकळलं, वाफ निघाली, वाफेनं आतली हवा बाहेर ढकलली. डबा खाली उतरवला, मग झाकण लावलं. आता गार पाणी टाकलं की आतल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, डबा आतून रिकामा पडतो आणि बाहेरची हवा त्याला दाबते, हे तिनं समजावलं. मग भरलेला तांब्या तिनं रणधीरच्या हातात दिला.

"काका, तुमीच वता."

त्यांनी ओतलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग ठण्ण झालं आणि तो डबा सगळ्यांच्या देखत चेपला. पुढं बसलेली माणसं मागं सरकली.

नागम्मांनी मान वर केली. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"आता तुमालाबी गावाबाहेर धाडायचं का?"

रणधीरनी तांब्या खाली ठेवला. बब्रुवाननी पटका काढून हातात घेतला आणि सगळ्यांसमोर नागम्मांची माफी मागितली. हळूहळू पार रिकामा झाला. महानंदाबाई दुसऱ्या दिवशी भाकरी आणायला गेल्या. नागम्मांनी भाकरी दिली, पण बसा म्हटलं नाही. राजेश्वरीही गेली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. नागम्मांनी तिला विचारलं, "तुला पयल्याच दिवशी ठावं होतं?" तिनं होकाराची मान हलवली. नागम्मा आत निघून गेल्या.

त्यानंतर माझ्यात तीळ कोणी ठेवले नाहीत. चेपलेला डबा काय कामाचा? काही महिने मी गोठ्यात गंजत पडलो. मग राजेश्वरीनं मला शाळेत नेलं. तिथं मी विज्ञानाच्या कपाटात असतो आणि मुलं मला हात लावून बघतात.

मित्रांनो, तुम्ही प्रयोग जरूर करा. पण विस्तव असेल तिथं मोठं माणूस जवळ असू द्या. झाकण लावलेला डबा कधीही चुलीवर ठेवू नका, तो फुटून तोंडावर येईल. आणि प्रयोग झाला की तो त्याच दिवशी घरी सांगा. मार बसला तरी सांगा. राजेश्वरीला तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस नागम्मा जेवल्या नव्हत्या.