पवनीचा सवाल

गोमाजीनं आपली खुर्ची पेटीपासून हातभर मागं ओढली. टेबलावरच्या त्या करड्या पेटीला पुढून जाळी होती, मागून टेलिफोनची तार. दिल्लीतला डॉक्टर तिच्यातून बोलत होता आणि सात जिल्ह्यांतले कंपाउंडर आपापल्या ठिकाणी बसून ऐकत होते, असं सांगण्यात आलं होतं. पवनीच्या ह्या खोलीत चौदा कंपाउंडर होते.

"काहून जी गोमाजीभाऊ, चावते का?" शेजारचा जागेश्वर कुजबुजला.

"आयकते."

"मंग हळू बोला. जास्त आयकलं त थेट सिरोंच्याले बदली."

गोमाजी हसला नाही. बावीस वर्षं त्यानं सरकारी दवाखान्यात पुड्या बांधल्या होत्या. एवढ्या वर्षांत खुर्ची देऊन कुणी काही शिकवलं नव्हतं. आला तो हुकूमच आला. आणि आता, १९८६ साली, दिल्लीला अन् ह्या शिकवणीला पैसा देणाऱ्या दिल्लीपलीकडच्या गोऱ्या साहेबांना त्याच्या शिक्षणाची काळजी पडली? तीही फुकटात? माणसाला बोलतं करायचं, टेप करायचं आणि मानगूट धरायची, दुसरं काय!

धरायला मानगूट होतीही. दोन महिन्यांपूर्वी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुला आल्या त्या मुदत संपलेल्या. आतली पिवळी भुकटी तपकिरी पडलेली. त्यानं वर विचारलं, तर उत्तर आलं, साठा संपवा. त्यानं संपवला. आता त्याच कॅप्सुला खाल्लेली त्याच्या गावची शकुनबाई घागरभर पाणी पिऊनही तहानलेली राहत होती, आणि आठ दिवसांपासून तिला उभं राहता येत नव्हतं. गावच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा वर्षभर रिकामी. विचारायचं कोणाला?

पेटीशेजारी, माइक हातात धरून, तो साठा गावोगाव पाठवणारे साहेबच बसले होते. माइकचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं.

"पवनी से कोई सवाल?" पेटी म्हणाली.

आपण उठलो कसे, हे गोमाजीलाच कळलं नाही. त्यानं भुकटीचा रंग सांगितला, डब्यावरची तारीख सांगितली, शकुनबाईची तहान सांगितली. साहेबांनी माइक त्याच्या तोंडाशी धरला होता. ते गंभीरपणे मान हलवत होते.

तो थांबला. पेटीत खरखर झाली.

"पवनी से कोई सवाल नहीं। ठीक है, आगे चलते हैं।"

गोमाजीनं साहेबांच्या अंगठ्याकडं पाहिलं. तो बटणाच्या बाजूला आरामात टेकला होता.

"लाइन खराब आहे," साहेब म्हणाले. "बसा. लिहून द्या, मी पाठवतो वर."

गोमाजी बसला. आधी त्याला हायसं वाटलं. खोटं कशाला बोला, वाटलंच. पेटीनं काही ऐकलं नव्हतं. नोकरी शाबूत, पेन्शन शाबूत. मग त्या हायसं वाटण्याचीच त्याला किळस आली. सकाळपासून तो पेटीच्या कानांना भीत होता, आणि कान तर ह्या माणसाच्या मुठीत होते.

तो उठला आणि साहेबांच्या हातातून माइक काढून घेतला.

"अहो, हे काय चालवलंय?"

"सवाल इचारून राहिलो, साहेब."

नख पांढरं पडेस्तोवर त्यानं बटण दाबलं आणि मोडक्या हिंदीत सगळं पहिल्यापासून सांगितलं. "दवाई हमनेच दिया," शेवटी तो म्हणाला, आणि बटण सोडलं.

पेटी लगेच बोलली.

"बाई को आज ही नागपुर भेजिए। गुर्दे का, किडनी का मामला लगता है, देर मत कीजिए।" मग आवाज हळू झाला. "ये माल और किस-किस दवाखाने में गया है?"

एवढा विचार गोमाजीनं केलाच नव्हता. त्यानं वळून पाहिलं. तेराही जण आपापल्या चपलांकडं बघत होते. साहेबांचा हात पेटीच्या मागं, तारेकडं चालला होता.

जागेश्वर उठला. टेबलाला वळसा घालून तो साहेब आणि तार यांच्या मधे येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता.

"द्या इकडं, गोमाजीभाऊ," तो म्हणाला. "मलेबी बोलाचं हाय."