वरची रेघ

जुनी इमारत पाडायच्या आधी मंडळींनी एकदा येऊन जावं, असा निरोप संस्थेतून आला, तेव्हा सावकाशबाईनं पहिला फोन घाईबाईला लावला. ही नावं सरांनी ठेवलेली. दोघी तरुणपणी त्यांच्याकडे कॅन्सरवर संशोधन करायला आल्या, तेव्हा एक पाणी उकळायच्या आधीच चहा गाळायला घ्यायची आणि दुसरी चहा निवला तरी साखरच ढवळत बसायची. खरी नावं मागे पडली, ही चिकटली.

पेशी वाढवायची खोली रिकामी होती. पेशी उबेत ठेवायचं कपाट जिथे असायचं, तिथे फरशीवर चौकोनी डाग तेवढा उरला होता.

"एवढीशी होती ही?" घाईबाई म्हणाली. "आपण मावत कशा होतो गं इथे?"

"मावत नव्हतोच. तुझं कोपर कायम माझ्या बरगडीत."

हसता हसता सावकाशबाईचे डोळे भरून आले. खिडकीशी सूक्ष्मदर्शकाचं टेबल असायचं. तिथेच ते सगळं घडलं होतं.

सरांना एका प्रथिनाचा ध्यास होता. पेशीच्या केंद्रात बसून कुठलं जनुक चालू करायचं नि कुठलं बंद, हे ठरवणारं ते प्रथिन. ते प्रमाणाबाहेर वाढलं की पेशी बिघडते, असं सरांचं म्हणणं. त्यावर त्यांचं नाव झालं होतं, भर परिषदेत भांडणंही झाली होती. पण या दोघी ते प्रथिन जेलीच्या पातळ थरातून वरून खाली पळवून फिल्मवर उमटवायच्या, तेव्हा निरोगी पेशींत एकच काळी रेघ दिसायची आणि कॅन्सरच्या पेशींत तिच्या वर, अगदी खेटून, आणखी एक.

"हात स्वच्छ ठेवा," सर म्हणायचे. "ती रेघ नाही, घाण आहे."

पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तरी घाण काही जाईना. शेवटी घाईबाई म्हणाली, "अगं, त्या प्रथिनालाच फॉस्फेट चिकटलं असेल तर? म्हणून ते खाली पळायचं सोडून मागे, वरच रेंगाळत असेल. तुझ्यासारखं!"

सावकाशबाईनं टोमणा गिळला आणि फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम नमुन्यात घातलं. वरची रेघ गायब! मग कित्येक महिने खपून तिनं प्रथिनाचं नवं रूप घडवलं. फॉस्फेट चिकटतं ती एक जागा तेवढी बदलली, बाकी सगळं जसंच्या तसं. निरोगी पेशी बशीत एका थरात पसरतात, शेजारीण लागली की थांबतात. मूळ प्रथिन भरपूर घातलेल्या बशीत त्या एकमेकींच्या डोक्यावर चढून ढीग करून बसल्या होत्या. बदललेलं प्रथिन दुसऱ्या बशीत तितकंच घातलं होतं, तरी तिथे पेशी गुण्यागोविंदानं एका थरात नांदत होत्या.

म्हणजे नुसत्या प्रमाणानं काही होत नव्हतं. त्या फॉस्फेटवाचून पेशी बिघडत नव्हती. आणि सर चुकले होते.

"तू सांग," "नाही बाई, तूच सांग," असं करत दोघींनी एकदाचं त्यांना बोलावलं. सर सूक्ष्मदर्शकावर वाकले. बशा अदलून-बदलून बराच वेळ पाहत राहिले. घाईबाईनं सावकाशबाईचा हात घट्ट धरला होता.

"माझी दहा वर्षं पाण्यात गेली की गं पोरींनो," सर मान वर न करता म्हणाले. मग जरा थांबून, "पण काय देखणं पाणी आहे!"

पुढच्या परिषदेत, विरोधक पहिल्याच रांगेत बसलेले असताना, सर उठले. "मी चुकलो," म्हणाले, "कसा ते या दोघी सांगतील." आणि खाली जाऊन बसले.

पुढे घाईबाईच्या आईनं अंथरूण धरलं, तेव्हा ती गावी परतली आणि शाळेत शिकवू लागली. सावकाशबाई इथेच राहिली. ते फॉस्फेट चिकटवणाऱ्या एन्झाइमला अडवणारं औषध भलत्याच लोकांनी काढलं. सगळ्यांना लागू पडलं नाही, काहींना पडलं. ते पाहायला सर नव्हते.

"काकूंकडे जाऊन येऊ या?" खोलीबाहेर पडताना घाईबाईनं विचारलं.

सरांची बायको जवळच राहायची. केस पांढरेशुभ्र झालेले, आवाज मात्र खणखणीत. जुन्या गोष्टी निघाल्या, तसं सावकाशबाईनं देखण्या पाण्याचा तो किस्सा सांगितला.

"तुमच्यासमोर म्हणाले असतील," काकू म्हणाल्या. "घरी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले. मला वाटलं, नोकरी गेली. विचारलं, तर ढसाढसा रडले."

इतक्या वर्षांत हे दोघींच्या कानावर आलंच नव्हतं.

"मग पोटभर रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि म्हणाले, 'उद्या मला लवकर उठव. नाहीतर पोरी पुढचा प्रयोग माझ्याशिवाय सुरू करतील.'"

"केलाच असता," घाईबाई नाक ओढत म्हणाली.

काकू खळखळून हसल्या. सावकाशबाई उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली, आणि मग ऊन कलेपर्यंत तिघी सरांविषयीच बोलत राहिल्या.