मार्ग सतराची शिरगणती

डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम. साखरेमुळे भरत नाही. एक दिवसाआड पट्टी बदलायची, सलमानियाच्या सरकारी दवाखान्यात, सकाळी आठच्या आत.

कणकवली आगार, साल एकोणीसशे त्र्याहत्तर. पुढे तिकीट तपासनीस उभा असला की समोरून येणारा ड्रायव्हर दोनदा दिवे मारतो. हे कोणी शिकवत नाही, येतं.

बहारीनच्या हमद टाउन या नव्या वस्तीतले गोल चौक. नावं नाहीत, नंबर आहेत. घरंसुद्धा सारखीच. पहिल्या महिन्यात माणसं दुसऱ्याच्याच दाराला किल्ली लावायची.

एक टाइप केलेलं पत्र: 'मार्ग क्रमांक सतरा. सकाळची फेरी. सरासरी प्रवासी तीन. किमान अपेक्षित आठ. पाच दिवस प्रत्यक्ष शिरगणती करून मार्ग बंद करण्याबाबत निर्णय घेण्यात येईल.'

रबरबँड लावलेला तिकिटांचा गठ्ठा. जवळजवळ नवाकोरा.

*

गठ्ठा शंभूचा. शंभू कणकवलीचा, एसटी सोडून बहारीनला आलेला, आणि शहाऐंशी साली मार्ग सतराचा ड्रायव्हर. कंडक्टर नाही, गाडी चालवायची आणि तिकीटही त्यानेच फाडायचं.

पाय खदिजाचा. वय साठच्या पुढे. सनाबिसला होती तोपर्यंत रमतगमत, भिंतीला हात लावत, दवाखान्यापर्यंत चालत जायची. मग सरकारने मुलाला हमद टाउनमध्ये घर दिलं. चांगलं घर, तीन खोल्या, अंगण. दवाखाना मात्र होता तिथेच राहिला.

गल्लीत तिच्यासारख्या आणखी तेरा जणी. कुणाची साखर, कुणाचा रक्तदाब, कुणाचे डोळे. त्या शंभूच्या बसने दवाखान्याला जायच्या, आणि त्याने त्यांना एकही तिकीट फाडलं नाही. सात महिने.

पत्र आलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कागदावर त्या चौदा बायका कधी बसमध्ये बसल्याच नव्हत्या.

गुरुवारी त्याने खदिजाला सांगितलं. त्याचं अरबी तिच्या हिंदीइतकंच होतं, दोघांचं मिळून एक वाक्य व्हायचं. हज करून आलेली म्हणून तो तिला हज्जिया म्हणायचा. "हज्जिया, शनिवारपासून साहेब येणार. मोजणार. सगळ्यांना सांग, सुट्टे पैसे आणा, तिकीट काढा. पाचच दिवस."

"आणि इतके दिवस न काढता बसलो, हे त्याला कळलं तर तुझं काय?"

"माझं खलास," शंभू म्हणाला आणि हसला.

*

शनिवार: दोन.
रविवार: तीन.
सोमवार: एक (शिंपी).
मंगळवार: दोन (तोच शिंपी, आणि त्याचं मशीन घेऊन बसलेला त्याचा भाऊ. मशीन मोजायचं नाही).

मोजणारा सदानंद. पुण्याचा, बस खात्यात हिशेबनीस. तो ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मांडीवर पुठ्ठा ठेवून बसायचा.

"शंभू, ही बस आहे की रिकामा पत्र्याचा डबा?"

"रिकामा कसा, साहेब? तुम्ही आहात ना."

"मला धरायचं नाही, असा नियम आहे."

खदिजाच्या गल्लीच्या तोंडाशी बस थांबायची. कुणी नसायचं. शंभू एक मिनिट जास्त थांबायचा, मग दोन.

"कुणाची वाट बघताय?"

"कोण नाय." त्याला वाटलं, बायका घाबरल्या. अनोळखी पुरुष, हातात कागद; कशाला येतील?

मंगळवारी शिंपी उतरल्यावर सदानंद आपणहून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. ही गाडी दुसऱ्या मार्गावर जाईल, तुम्हीही जाल तिच्याबरोबर. सरकार तोटा सोसतं हो. पन्नास फिल्सच्या तिकिटात डिझेल तरी सुटतं का? बाकीचं वरूनच येतं. पण कुणासाठी सोसायचा, हे त्यांना दिसायला नको? आमच्याकडे माणूस दिसतो तो तिकिटातूनच."

शंभू मनात पट्ट्या मोजत होता. खदिजाची शनिवारची पट्टी चुकली होती. सोमवारचीही.

*

बुधवार, सकाळी सहा चाळीस. मोजणीची शेवटची फेरी. बसमध्ये शून्य.

शंभूने चौक क्रमांक तीनवर बस बाजूला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"साहेब, एक सांगायचं आहे. मग काय लिहायचं ते लिवा."

त्याने सांगितलं. सात महिने, चौदा बायका. सांगता सांगता तो गावच्या बोलीवर आला. "मी तिकीट फाडूकच नाय. सरकारान घर दिल्यान ता लांब दिल्यान. दवाखान्यात फुकट औषध, आणि तिथे जाऊक पैसे? माका ता बरा वाटूक नाय."

सदानंदने पेन्सिल खाली ठेवली. "अहो, तुम्हाला बरं वाटावं म्हणून सात महिने त्यांना कागदावरून पुसलंत तुम्ही."

"व्हय."

"हे मी लिहिलं तर तुमचं काय होईल, कळतंय?"

"कळतंय. म्हणूनच चार दिवस गप होतो." शंभूने हँडब्रेक सोडला आणि बस गल्लीत वळवली.

"मार्ग इकडून नाही."

"ठाऊक आहे."

खदिजाच्या दारासमोर त्याने हॉर्न दिला. ती भिंतीला धरून आली. पट्टी काळवंडली होती. सदानंदकडे तिने पाहिलंही नाही.

"मला नाही यायचं. पाय बरा आहे," ती म्हणाली. "तू कोण? मी तुला ओळखत नाही."

"हज्जिया, साहेबाला सगळं सांगितलं मी."

"सगळं?"

"सगळं."

"तू गाढव आहेस, शंबू," ती म्हणाली (भ तिला कधी जमला नाही), आणि मग शेजारच्या दारांकडे तोंड करून तिने मोठ्याने हाका मारल्या. जमीला. मसूदा. आणखी नावं. दारं उघडत गेली. "यल्ला, यल्ला, चला," शंभू म्हणत राहिला. दवाखान्याची वेळ होत आली होती.

सदानंद उठून उभा राहिला. आपल्या सीटवर त्याने खदिजाला बसवलं, पाय टेकायला पुठ्ठा पुढे सरकवला. मग कागद खांबाला लावून लिहिलं: चौदा.

शेऱ्याच्या रकान्यात त्याने काही लपवलं नाही. 'ड्रायव्हरने सात महिने तिकिटे दिली नाहीत. प्रवासी मात्र रोज होते. रुग्ण आहेत. मार्ग चालू ठेवावा.' सलमानिया येईपर्यंत विचार करून खाली आणखी एक ओळ घातली: 'ड्रायव्हरने हे स्वतः सांगितले.'

मार्ग सतरा चालू राहिला. शंभूला चार महिने डेपोत बस धुण्यावर ठेवलं आणि नंतर विमानतळाच्या मार्गावर टाकलं. खदिजाचा अंगठा कापावा लागला, पाय वाचला.

तपासणीच्या आदल्या शुक्रवारी खदिजाने तेराही घरी जाऊन सांगितलं होतं, की पाच दिवस बसमध्ये कुणी चढू नका, नाहीतर शंबूची नोकरी जाईल.